वर्धा शहराच्या नळाला वर्धा नदीचं नाही, धाम नदीचं पाणी येतं. काय आहे या छोट्या नदीची गोष्ट?

वर्धा जिल्ह्याचं नाव वर्धा, शहराचं नाव वर्धा आणि नदीचं नावही वर्धा. त्यामुळे शहराला पाणी कुठून येतं असं कुणी विचारलं तर बाहेरचा माणूस पटकन सांगेल, “वर्धा नदीतून, आणखी कुठून?”

पण तसं नाही.

वर्धा नदी मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या डोंगराळ भागात उगम पावते, जिल्ह्याच्या पश्चिम कडेने वाहते आणि शहराला बाजूला ठेवून निघून जाते. मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे तिला पुलगावजवळ ओलांडते, म्हणजे वर्धा स्टेशन यायच्या बरंच आधी. वर्धा शहर पाणी पितं ते धाम नदीचं. ही नदी जिल्ह्यातच उगम पावते आणि जिल्ह्यातच संपते. शाळेच्या भूगोलात तिला फार तर अर्धी ओळ मिळते, पण शहराची तहान तीच भागवते.

याच नदीच्या काठी वाकाटकांची राजधानी होती, असं अनेक इतिहासकार मानतात. तिच्या पात्रात गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या आणि विनोबांनी तिच्या काठावर शेवटचा श्वास घेतला. आणि मे महिन्यात विदर्भातल्या कित्येक लहान नद्या कोरड्या पडतात, तेव्हा धामच्या पात्रात मात्र अधूनमधून पाणी खळाळताना दिसतं. हे पाणी कुठून येतं आणि ते किती दिवस येत राहील, हे समजून घेण्यासारखं आहे.

नदी कुठून येते, कुठे जाते?

वर्धा जिल्ह्याचा उत्तरेकडचा आर्वी-कारंजाचा भाग डोंगराळ आहे. धाम तिथे उगम पावते आणि आग्नेयेकडे वाहू लागते. वाटेत येळाकेळी लागतं, पुढे नागपूर-वर्धा रस्त्यावरचं पवनार लागतं. त्यानंतर तिचं पाणी वेणा नदीच्या खोऱ्यात जातं, वेणा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते. म्हणजे पवनारच्या डोहातलं पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जाऊन पोचतं.

हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा. वरती कपाशीची काळी जमीन आणि खाली खडक. पवनारला पात्रात उतरलात तर हा खडक उघडाच दिसतो. अंगाने गुळगुळीत झालेले काळे दगड, त्यांच्यामधून वाट काढणारं पाणी आणि मध्येच साचलेले डोह.

या खडकाचा एक तोटा आहे. वाळूत किंवा गाळाच्या जाड थरात पाणी जसं मुरून राहतं, तसं ते बेसॉल्टमध्ये राहत नाही. ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या थरात साठतं. जिल्ह्यात वर्षाला सरासरी 1000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कमी नाही. पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जमिनीने धरून ठेवलेलं पाणी हिवाळाभर झिरपत नदीत येतं आणि उन्हाळा लागला की संपतं. त्यामुळे या भागातल्या छोट्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात, दिवाळीनंतर बारीक होतात आणि होळीनंतर डोहांपुरत्या उरतात.

धामचंही असंच झालं असतं. पण तिच्या वरच्या अंगाला एक धरण आहे.

नदी म्हणजेच पाइपलाइन

हे धरण म्हणजे धाम प्रकल्प. तो महाकाळी गावाजवळ असल्यामुळे लोक त्याला महाकाळीचं धरण म्हणतात. त्याच्या कालव्यातून शेतीला पाणी जातं. आणि वर्धा शहर, आजूबाजूची गावं यांच्यासाठीचं पाणी थेट नदीच्या पात्रात सोडलं जातं.

म्हणजे धरणाचं दार उघडलं की पाणी पात्रातून वाहत खाली येतं. येळाकेळी आणि पवनारजवळ ते अडवून पंपाने उपसलं जातं, शुद्धीकरण केंद्रात जातं आणि मग नळाला येतं. धरणापासून उपसा केंद्रापर्यंतचा हा सगळा प्रवास नदी करते. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर इथे नदी हीच पाइपलाइन आहे.

यात एक गंमत आहे. उन्हाळ्यात शहराला पाणी लागतं म्हणून धरणातून पाणी सोडलं जातं आणि ते सोडलं जातं म्हणून नदी वाहते. शहर नदीवर जगतं हे तर उघडच आहे. पण एप्रिल-मे महिन्यात नदीसुद्धा शहराच्या तहानेवर जगत असते.

पाण्याचा हिशेब कसा करायचा?

धरणाच्या बातम्यांमध्ये ‘दलघमी’ हा शब्द नेहमी येतो. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर, त्यामुळे एक दलघमी म्हणजे 100 कोटी लिटर.

आता हा आकडा घराच्या पातळीवर आणू. 2011 च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या 1 लाख 6 हजारांच्या पुढे होती. शहरांसाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे माप धरलं जातं. म्हणजे शहराला रोज साधारण 1 कोटी 43 लाख लिटर पाणी लागेल. या हिशेबाने एक दलघमी पाणी शहराला जवळपास 70 दिवस पुरेल.

ऐकायला सोपं वाटतं. पण हे गणित पाणी थेट धरणातून घरात आलं तरच जुळतं. इथे मध्ये नदी आहे.

विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. अशा उन्हात उघड्या पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनानेच रोज साधारण एक सेंटीमीटर खाली जाऊ शकते. समजा पात्रातलं पाणी 10 मीटर रुंद आहे. मग दर किलोमीटरला रोज 1 लाख लिटर पाणी हवेत जातं. वरच्या मापाने ते 700 पेक्षा जास्त लोकांचं एका दिवसाचं पाणी झालं. आणि हे फक्त उडून गेलेलं पाणी. पात्राच्या कोरड्या वाळूत आणि खडकाच्या भेगांमध्ये मुरणारं पाणी वेगळं. वाटेतल्या डोहांमध्ये अडकणारं वेगळं. काठावरच्या मोटारींनी ओढलेलं त्याहून वेगळं.

म्हणून उपसा केंद्रावर जेवढं पाणी हवं असतं, त्याच्यापेक्षा बरंच जास्त पाणी धरणातून सोडावं लागतं.

वर्ध्याला याचा चटका 2019 च्या उन्हाळ्यात बसला. आदल्या वर्षी पावसाने दगा दिला होता. धरण तळाला गेलं, मृत साठ्यातलं पाणी वापरायची वेळ आली आणि शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येऊ लागलं. मृत साठा म्हणजे धरणाच्या दारांच्या पातळीखाली उरलेलं पाणी. ते आपोआप बाहेर येत नाही, वेगळी सोय करून काढावं लागतं. शिवाय त्या थरात गाळही जास्त असतो.

मग सरळ पाइपलाइन का टाकू नये?

हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल आणि तो चुकीचा नाही. महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण सोलापूरचं आहे. उजनी धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडायचं, ते लांबवर वाहत जाऊन बंधाऱ्यात अडवायचं आणि तिथून शहरासाठी उपसायचं, अशी तिथली जुनी पद्धत. पण शहराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी नदीत सोडावं लागतं, म्हणून उजनी ते सोलापूर थेट समांतर जलवाहिनीचं काम हाती घेण्यात आलं.

फक्त शहराच्या बाजूने बघितलं तर पाइपलाइन फायद्याची आहे. पाणी उडत नाही, मुरत नाही, वाटेत कुणी ओढत नाही.

आता नदीकाठच्या गावाच्या बाजूने बघा.

वर आपण ज्याला ‘मुरलेलं पाणी’ म्हटलं, ते नाहीसं होत नाही. ते काठाजवळच्या विहिरींमध्ये उतरतं. बेसॉल्टच्या भागात नदीकाठची विहीर उन्हाळ्यात टिकते, ती बरेचदा पात्रात पाणी असतं म्हणूनच. ज्याला ‘अडकलेलं पाणी’ म्हटलं, त्या डोहांमध्ये मासे जगतात आणि त्या माशांवर ढिवर समाजातल्या मासेमारांचं पोट चालतं. गाई-म्हशी आणि शेळ्या दुपारी पाण्यावर येतात, त्या याच पात्रात. रात्री रानातली जनावरंही इथेच येतात.

पोळ्याच्या सणात बैलांना आंघोळ घालायला नदी लागते. घरातलं माणूस गेलं की राख-अस्थी सोडायला नदी लागते. नळ आल्यावरसुद्धा ही कामं नदीची नदीकडेच राहिली आहेत.

धरणाच्या वहीत जे पाणी ‘वहनव्यय’ म्हणजे वाटेतली घट म्हणून लिहिलं जातं, तेच पाणी काठच्या माणसाच्या हिशेबात जमेच्या बाजूला असतं. पाइपलाइन टाकली तर पाणी वाचेल, पण उन्हाळ्यात नदी उरणार नाही. पाइपलाइन नाही टाकली तर नदी वाहील, पण दुष्काळाच्या वर्षी शहराचे नळ लवकर कोरडे पडतील. हा खरा पेच आहे आणि त्याचं उत्तर नुसत्या गणितात मिळत नाही. पाणी नळात नेलं तरी नदीसाठी म्हणून थोडं पाणी राखून ठेवायचं का, हे लोकांनी ठरवायचं असतं.

या काठावर राजधानी होती?

धामच्या काठी माणूस किती जुना आहे? 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केलं. शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा अहवाल लिहिला. वाकाटकांच्या आधीच्या काळापासून इथे वस्ती असल्याचं त्यातून पुढे आलं.

वाकाटक हे विदर्भाचं मोठं राजघराणं. त्यातला दुसरा प्रवरसेन पाचव्या शतकात होऊन गेला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी. प्रवरसेनाने नंदिवर्धन सोडून प्रवरपूर नावाची नवी राजधानी वसवली, हे ताम्रपटांवरून कळतं. पण हे प्रवरपूर नेमकं कुठलं?

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी सांगितलं की प्रवरपूर म्हणजे आजचं पवनार. प्रवरसेनाच्या नावावर ‘सेतुबंध’ हे प्राकृत काव्य आहे आणि त्याचा विषय आहे रामाने लंकेला जाण्यासाठी बांधलेला सेतू. पवनारला सापडलेल्या शिल्पांमध्ये मिराशींना रामकथेतले प्रसंग दिसले, त्यामुळे इथे रामाचं मंदिर असावं असं त्यांचं मत होतं.

सगळ्यांना हे मान्य नाही. रामटेकजवळच्या मनसरला मोठं उत्खनन झाल्यावर काही अभ्यासकांनी प्रवरपूर तिथे असल्याचं मांडलं. हा वाद अजून चालू आहे. पण पवनारचं महत्त्व पुढेही टिकलं, हे नक्की. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार म्हणून पवनारचं नाव येतं. तेव्हाचं सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा विभाग. आजचं वर्धा शहर मात्र 1866 नंतरचं. पालकवाडी नावाच्या वस्तीच्या जागी इंग्रजांनी ते वसवलं. म्हणजे धामचं पाणी पिणारं शहर नवं आहे आणि धामच्या काठचं गाव त्याच्यापेक्षा कितीतरी शतकं जुनं आहे.

लोकांच्या तोंडी पवनारच्या पवन राजाची दंतकथा आहे. त्याच्याकडे परीस होता म्हणे. तो शेतकऱ्यांकडून सारा म्हणून लोखंडी फाळ घ्यायचा आणि परीस लावून त्याचं सोनं करायचा.

विनोबा नदीच्या पलीकडे गेले

विनोबा भावे गांधीजींच्या सांगण्यावरून 1921 मध्ये वर्ध्याला आले. 1938 मध्ये त्यांची तब्येत खूपच ढासळली. हवापालटासाठी ते पवनारला, धामच्या पलीकडच्या काठावर असलेल्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहायला गेले. नदी ओलांडतानाच त्यांनी ठरवलं की डोक्यातले सगळे विचार आणि कामं मागे सोडून द्यायची. तिथे ते रोज शेतात खणू लागले आणि तब्येत सुधारत गेली.

‘परमधाम’ हे आश्रमाचं नाव तिथूनच आलं. आपल्याला वाटतं परमधाम म्हणजे मोक्ष. तो अर्थ आहेच. पण साधा अर्थही आहे: धाम नदीच्या पलीकडचं ते परमधाम.

खणताना जमिनीतून जुनी शिल्पं निघाली. त्यातलं एक भरत आणि राम यांच्या भेटीचं मानलं जातं. आश्रमात आजही ती शिल्पं बघता येतात.

17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही विनोबा होते आणि त्यांनी युद्धाविरुद्धचं भाषण केलं ते पवनारलाच. गांधीजींच्या हत्येनंतर 12 फेब्रुवारी 1948 ला त्यांच्या अस्थींचा काही भाग इथेच धामच्या पात्रात विसर्जित झाला. तिथे स्मारक आहे आणि दरवर्षी 12 फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो.

1950 मध्ये विनोबांनी इथे कांचनमुक्तीचा प्रयोग केला. पैशाशिवाय जगायचं आणि बैलांशिवाय शेती करायची. विहिरीवरचा रहाटसुद्धा माणसांनीच फिरवायचा. पुढच्याच वर्षी ते पायी निघाले आणि 18 एप्रिल 1951 ला तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. 1959 मध्ये त्यांनी पवनारला बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. तिथे कुणी प्रमुख नाही, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने होतात. 15 नोव्हेंबर 1982 ला विनोबांनी याच काठावर देह ठेवला. त्या दिवसांच्या आसपास दरवर्षी इथे मित्र-मिलन होतं.

आज नदीला कशाचा त्रास आहे?

पहिला त्रास जलपर्णीचा. पवनारच्या आसपास संथ पाण्यात हिरव्या पानांचा जाड थर पसरतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातून येणारं नत्र आणि स्फुरद हे तिचं खाद्य. ती वाढली की पाण्यात ऊन पोचत नाही, प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. ती काढून काठावर ढीग लावला तरी सांडपाणी येत राहिलं तर ती पुन्हा येते. म्हणजे जलपर्णी हा आजार नाही, आजाराचं लक्षण आहे.

दुसरा त्रास विसर्जनाचा. वर्ध्यातले गणपती आणि दुर्गादेवी मोठ्या संख्येने पवनारला येतात. मातीची मूर्ती विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची लवकर विरघळत नाही आणि रंग पाण्यात उतरतात. निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. गेली काही वर्षं स्वयंसेवी मंडळी काठावर निर्माल्य गोळा करतात, कृत्रिम कुंड ठेवतात आणि बरेच लोक त्यांचं ऐकतात. याच नदीचं पाणी आपल्या नळाला येतं, हे एकदा लक्षात आलं की मूर्ती कुंडात सोडणं जड जात नाही.

तिसरा त्रास वाळूचा. वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पाणी वाळूत राहिलं तर ते उन्हात उडत नाही आणि गाळूनही निघतं. वाळू उपसली की खाली उघडा खडक उरतो. वर बाष्पीभवनाचा जो हिशेब केला, तो वाळू गेलेल्या पात्रात आणखी वाईट होतो.

आणि चौथा त्रास गाळाचा. वरच्या डोंगराळ भागातली माती पावसाबरोबर धरणात येऊन बसते आणि पाण्याची जागा कमी होते. धरणातला गाळ काढून वावरात टाकला तर दोन्हीकडे फायदा आहे: धरणात जागा होते आणि हलक्या जमिनीला कस मिळतो.

पवनारला गेलात तर

वर्ध्याहून नागपूर रस्त्याने निघालात तर आठ-दहा किलोमीटरवर पवनार लागतं. पर्यटक सहसा आश्रम बघतात, नदीकाठी फोटो काढतात आणि परत जातात. पुढच्या वेळी उन्हाळ्यात गेलात तर पुलावर दोन मिनिटं थांबा. पाणी वाहताना दिसलं तर समजा, वरती धरणातून पाणी सोडलंय. त्यातलं काही शहराच्या टाकीत जाईल, काही काठच्या विहिरीत उतरेल, काही म्हशी पितील आणि काही हवेत उडून जाईल.

नळ उघडताना आपण यातला फक्त पहिला वाटा मोजतो. बाकीचे वाटे कुणाचे आहेत, हे लक्षात ठेवलं तर धामच्या पाण्याबद्दल पुढे जो काही निर्णय होईल, तो सगळ्यांना धरून होईल.